पेटीमास्तर

पेटीमास्तर म्हटलं की महाड-पोलादपूरकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. भजनात मांडी घालून बसलेला, डाव्या हाताने भाता मारणारा, उजव्या हाताने सूर धरणारा आणि चहाचा कप दिसला की दोन्ही हात सोडणारा गृहस्थ. तळीयेच्या खोऱ्यातल्या आमच्या वाडीतही असे एक पेटीमास्तर होते. ते वारले आणि हुद्दा नातवाकडे आला. नातवाला काळी चार आणि पांढरी पाच यांतला फरक कळत नाही, पण त्याच्याकडेही पेटी आहे. काळी, चार किलोच्या घरातली, वर भला मोठा एक्स कोरलेला आणि मधोमध हिरवं बोंड. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेत विकायला काढलेला हा पहिला एक्सबॉक्स. भारतात कंपनीने रीतसर दुकान मांडलं ते २००६ साली, पुढची पेटी घेऊन. तोवर आमच्या पेटीमास्तरने ही पेटी इतक्या वेळा उघडली होती की कंपनीच्या माणसालाही ती ओळखता आली नसती.

हा माणूस बिरवाडीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंटवर आहे. तीन शिफ्टची नोकरी. दिवसा दुसऱ्याची यंत्रं नीट चालावीत म्हणून झटतो आणि घरी येऊन स्वतःचं नीट चालणारं यंत्र उघडतो. आता तो पन्नाशीला टेकलाय, पण खिशात पेनाच्या जागी अजून टॉर्क्सचा स्क्रूड्रायव्हर असतो, कारण पेटीचे सहा स्क्रू त्या चांदणीच्या आकाराचे आहेत. चार रबरी पायांखाली आणि दोन स्टिकरांखाली लपवलेले. कंपनीला वाटलं असेल, लपवले की सापडणार नाहीत. आमच्याकडे माणसं रानातून करटोली शोधून आणतात.

पहिली पेटी न्यू जर्सीच्या मावसभावाने आणली. सोबत पिन बदलायचा अडॅप्टरही आणला. अडॅप्टरने पिनेचा आकार बदलला, विजेचा नाही. अमेरिकेची पेटी एकशे वीस व्होल्टवर वाढलेली, तिला महावितरणचे दोनशे तीस एकदम पाजले. मिनिटभरात खोलीत धूर झाला. ओटीवरून आई म्हणाली, "आरं, अवेळी धूप कुणी घातला?"

दुसरी पेटी त्याने मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आणली. आता हिशेब असा झाला: एक पेटी जिवंत, एक मेलेली, आणि मेलेलीतली आठ जीबीची हार्डडिस्क मात्र ठणठणीत. आठ अधिक आठ सोळा! इथून त्याच्या डोक्यात जे शिरलं ते अजून निघालेलं नाही. त्याने जळक्या पेटीतली डिस्क काढून घेतली आणि उरलेला सांगाडा कांदे-लसणाच्या बदल्यात भंगार नेणाऱ्या टेम्पोवाल्याला दिला. दोन किलो कांदे आले. वहिनींनी त्याच दिवशी त्यांची भजी केली. नवऱ्याच्या छंदातून संसाराला झालेला तेवढाच एक फायदा त्या आजही सांगतात.

मग कळलं की या पेटीची डिस्क कुलूपबंद असते. पेटीच्या बोर्डावर एक इवलीशी चिप असते, तिच्यात त्या पेटीचा गुप्त आकडा. तो आकडा आणि डिस्कचा स्वतःचा नंबर मिळून कुलपाचा पासवर्ड तयार होतो. म्हणून एका पेटीची डिस्क दुसरीत लावली तर ती तोंड उघडत नाही. जळाला होता तो बहुधा वीजपुरवठ्याचा भाग. चिप शाबूत असणार. म्हणजे डिस्क घरात आणि किल्ली टेम्पोत. कांदे पचले, पण ही गोष्ट त्याला पचली नाही. पुढे वर्षभर भंगारवाल्याचा भोंगा ऐकला की जेवत्या ताटावरून उठून तो रस्त्यावर धावायचा.

या प्रकारची माणसं नुकसानीने शहाणी होत नाहीत, अभ्यासू होतात. त्याने अभ्यास सुरू केला. एमआयटीत शिकणाऱ्या अँड्र्यू हुआंग नावाच्या मुलाने, ज्याला सगळे 'बनी' म्हणतात, २००२ साली या पेटीच्या आतल्या तारांवरून धावणारी गुप्त किल्ली वाटेतच टिपली आणि पुढे त्यावर पुस्तकही लिहिलं. पेटीमास्तर त्याचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. वाडीतल्या अर्ध्या लोकांची समजूत आहे की बनी हे आळंदीकडचे कोणी महाराज असावेत.

कंपनीच्या कुलपातून पेटी मोकळी करायचे मार्ग दोन. एक, बोर्डावर मॉडचिप डकवायची. दुसरा, एखाद्या गेमच्या सेव्ह फाइलमधून मागच्या दाराने शिरायचं. जेम्स बाँडच्या एका गेमची सेव्ह फाइल असं दार उघडून द्यायची, म्हणून ज्यांना बाँड कोण हे ठाऊक नाही त्यांनीही ती डीव्हीडी घेऊन ठेवली होती. पेटीमास्तरने दोन्ही मार्ग चोखाळले. एकाने काम झालं असतं, पण या माणसाला एका रस्त्याने घरी येणं माहीत नाही.

त्याच काळात त्याने एक प्रयोग केला, त्याची वाडीत अजून आठवण काढतात. पेटी चालू करायची, तिने आपल्या डिस्कचं कुलूप स्वतः उघडलं की विजेची तार तशीच ठेवून नुसती डेटाची पट्टी चालू डिस्कमधून उपसायची आणि शेजारच्या कॉम्प्युटरची पट्टी तिथे खुपसायची. डिस्कची वीज क्षणभर गेली तरी कुलूप पुन्हा लागतं. आणि हे सगळं लोडशेडिंगच्या ऐन दिवसांत. पेटीमास्तरने वीज जायचं वेळापत्रक वर्तमानपत्रातून कापून भिंतीवर लावलं, दोन भारनियमनांच्या मधली वेळ धरली आणि घरातल्या सगळ्यांना सांगितलं की तेवढ्यात मिक्सर, पंप, इस्त्री कशालाही हात लावायचा नाही. शेजारच्या काकूंनाही जाऊन विनवलं. लग्नाचा मुहूर्तसुद्धा एवढा सांभाळला नव्हता, असं वहिनी म्हणतात. पट्टी उपसली, पट्टी घातली, पडद्यावर डिस्क दिसली. आणि नेमकी तेव्हाच, वेळापत्रकात नसताना, वीज गेली. अंधारात बराच वेळ कोणी बोललं नाही. मग काकूंचा आवाज आला, "मी काय नाय हो केलं!"

पुढच्या वेळी जमलं. मग आठ जीबीची ऐंशी झाली, ऐंशीची एकशे वीस. पुढे एक भिंत लागते. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांत १३७ जीबीच्या पलीकडचं घर मोजताच येत नाही. तीही त्याने नव्या बायोसने ओलांडली. अडीचशे झाली, पाचशे झाली. जुन्या रुंद पट्टीच्या आयडीई डिस्क बाजारातून नाहीशा झाल्या तेव्हा साटाची डिस्क जोडायला बोटाएवढा कन्व्हर्टर आणला. आणि एके दिवशी एक टीबीची कोरी डिस्क महाडहून शर्टाच्या आत, छातीशी धरून आणली. एसटीत शेजाऱ्याने विचारलं, "छातीत दुखतंय का?"

घरी येऊन जोडली, तर पडद्यावर ९३१ जीबी. एकोणसत्तर जीबी गायब! पुढच्या एसटीने हा परत महाडच्या बाजारपेठेत. दुकानदार सांगतोय की कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर एक हजार चोवीसने मोजतो, वस्तू तेवढीच असते. पेटीमास्तर ऐकून घेतोय, पण त्याच्या चेहऱ्यावर आमच्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याचा भाव आहे: सातबाऱ्यावर एक क्षेत्र, मोजणीत दुसरं, आणि मधलं बांधाने खाल्लं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "मग पैसे पण एक हजार चोवीसनी मोजून घ्या ना!" दुकानदाराने चहा मागवला. आमच्याकडे न सुटणाऱ्या तंट्यात हाच निवाडा होतो.

एका डिस्कने भागत असतं तर हे लेखन इथेच थांबलं असतं. पण 'भागणं' हा शब्द या जातीच्या कोशात नाही. बोर्डावर पट्टीला जागा एकच, आणि त्या पट्टीवर बसणार दोनच वस्तू: एक हार्डडिस्क, दुसरा डीव्हीडीचा रीडर. दुसरी डिस्क हवी तर रीडरने घर सोडायचं. रीडरने सोडलं. त्याबरोबर वहिनींची लग्नाची डीव्हीडी लावायचं साधनही गेलं. ती आधीच डिस्कवर उतरवून ठेवली आहे, असं हा छाती ठोकून सांगत होता. उतरवली होती खरी. पण पेटीच्या फाइल-व्यवस्थेत एक फाइल चार जीबीच्या आतच मावते म्हणून तिचे तुकडे केलेले, आणि तुकड्यांची अदलाबदल झालेली. गृहप्रवेश आधी, अक्षता नंतर. वहिनी म्हणाल्या, "यांचं सगळं असंच."

दोन डिस्क बसल्यावर झाकण बसेना. ते काढून ठेवलं ते ठेवलंच. शेजारी टेबलफॅन आला. दोन डिस्क फिरायला लागल्या की पेटी चांगली तापायची, आणि ही ऊब घरात कामाला आली. आमच्याकडे जुलैत काड्यापेटी सादळते, दहा काड्या ओढाव्या तेव्हा एक पेटते. आईने ते हेरलं आणि घरातल्या सगळ्या काड्यापेट्या या पेटीच्या कडेला रचून ठेवल्या. ज्वलनशील वस्तू विजेच्या यंत्राजवळ ठेवू नये, हे एमआयडीसीत सेफ्टीच्या वर्गात शिकलेला माणूस घरी आईला काही बोलू शकला नाही. निदान मिठाची बरणी तरी तिथे नको, एवढीच त्याने तडजोड केली.

आता कोणी विचारेल, एवढ्या जागेत ठेवतो काय आणि खेळतो काय? ठेवतो सगळं. त्यातलं विकत किती घेतलेलं, हे विचारू नये. तो सांगणार नाही आणि सांगितलं तर आपल्यालाच साक्षीदार व्हावं लागेल. खेळत मात्र काहीच नाही. त्याला गेम खेळताना कोणीही पाहिलेलं नाही. सुट्टीत पोरं जमतात, "काका, गाड्यांचा लावा ना," म्हणतात. काका यादी उघडतो. "आधी बघून तर घ्या काय काय आहे ते." यादी इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे. ए झालं, बी झालं, प्रत्येक नावावर तो थांबतो, किती जीबीचा ते सांगतो. एचवर हेलो येतो तेव्हा पोरांना वाटतं आता लागणार. तर हा त्याच्या डिस्कवरच्या आकाराविषयी बोलतो. एमपर्यंत निम्मी पोरं उठून क्रिकेटला जातात. ज्या एका पोराने एकदा झेडपर्यंत तग धरला होता तो आता सरकारी परीक्षांची तयारी करतोय, आणि मला त्याच्याविषयी पूर्ण खात्री आहे.

मला विचाराल तर या माणसाचं सुख गेममध्ये नाही, 'शिल्लक' या आकड्यात आहे. नवी डिस्क जोडल्यावर पडद्यावर मोकळ्या जागेचा आकडा उमटतो, तेव्हा तो खुर्चीत मागे रेलतो आणि डोळे बारीक करतो. मग त्या जागेत काहीतरी भरायला लागतो आणि जसजशी जागा कमी होते तसतसा उदास होत जातो. भरल्याशिवाय चैन नाही, भरलं की बेचैनी. त्याच्या कपाटातही एक खण रिकामा असतो आणि तिथे कोणी रुमाल जरी ठेवला तरी त्याच्या लक्षात येतं.

खरा पेच नंतर आला. या पेटीसाठी निघालेल्या गेम मोजक्या, सगळ्या मिळून हजाराच्या आसपास. शेवटची अमेरिकन फुटबॉलची, २००८ च्या ऑगस्टमध्ये आली आणि पुढे काही निघालंच नाही. डिस्क मात्र दरवर्षी मोठ्या होत गेल्या. एक दिवस असा उजाडला की जगात त्या पेटीसाठी जे जे म्हणून निघालं, त्यातलं हवं-नको सगळं आत गेलं आणि तरी जागा उरली. दुसऱ्या कोणी पेढे वाटले असते. हा चार दिवस जेवला नाही नीट.

त्यातून त्याला वाडीनेच बाहेर काढलं. या पेटीवर एक्सबीएमसी नावाचा फुकटचा प्रोग्राम चालायचा, तोच पुढे २०१४ पासून कोडी या नावाने जगभर गेला. त्यात गाणी-व्हिडिओ लागतात. गणपतीत शाहिरांच्या दोन फडांत शक्ती-तुऱ्याचा सामना रंगला, कोणीतरी मोबाइलवर पूर्ण रात्रभर चित्रण केलं, पण मोबाइलमध्ये जागा संपली. 'जागा संपली' हे दोन शब्द पेटीमास्तरच्या कानावर पडले आणि त्याच्या अंगात वारं आलं. त्या रात्रीपासून पंचक्रोशीतली भजनं, काकडे, हरिनाम सप्ताहातली कीर्तनं, जाखडीचे नाच, बारशी, साखरपुडे सगळं त्या पेटीत जायला लागलं.

अडचणी होत्याच. मोबाइलचं चित्रण झकपक, एचडीतलं. पेटीचा प्रोसेसर ७३३ मेगाहर्ट्झचा आणि मेमरी ६४ एमबी. शाहिराचं तोंड आधी हलायचं, शब्द मागून यायचे आणि ढोलकी तर पुढच्या कडव्याला पोचायची. म्हणून हा प्रत्येक व्हिडिओ रात्रभर कॉम्प्युटरवर लहान करायला लावतो आणि सकाळी नेतो. शिवाय फाइलचं नाव बेचाळीस अक्षरांतच बसवावं लागतं. आमच्या भजनी मंडळांची नावं कोणत्या देवाने बेचाळीस अक्षरांत ठेवलीत? देव, प्रासादिक, भजन मंडळ, वाडी, गाव, तालुका, जिल्हा आणि शेवटी बुवांचं नाव. इंग्रजी लिपीत लिहायला घेतलं की 'प्रासादिक'ला निम्मी अक्षरं संपलेली. बुवांचं नाव कापलं जाणारच. परिणाम असा की यादीत ओळीने हनुमान प्रासादिक, हनुमान प्रासादिक, हनुमान प्रासादिक. एका रात्री शक्तीवाल्यांच्या घरी पाहुणे आले असताना चुकून तुरेवाल्यांची बारी लागली, आणि तीही नेमकी शक्तीवाल्यांवर तोडा टाकलेली. आठ दिवस त्या घरातून ताक आलं नाही.

२२ जुलै २०२१ बद्दल मात्र तो यातलं काही बोलत नाही. त्या दिवशी सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं आणि तळीयेवर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. वीज नाही, फोन नाही, रस्ते पाण्याखाली. पेटीमास्तरही इतरांबरोबर चिखलात होता. काय पाहिलं ते त्याने कोणाला सांगितलेलं नाही आणि आम्ही विचारत नाही.

पुढच्या आठवड्यात महाडातले दुकानदार ओले कॉम्प्युटर पिशव्यांत घालून त्याच्याकडे यायला लागले. कोणाची उधारीची वही त्यात, कोणाच्या स्टुडिओतली लग्नं. लोक घाईने बटण दाबत होते आणि हा ओरडत होता, "दाबू नका! वीज देऊ नका!" हार्डडिस्कला श्वासाचं एक बारीक भोक असतं. पाणी तिथून आत गेलं असेल तर फिरत्या तबकडीवरून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगणारं वाचकाचं टोक घासतं आणि सगळं पुसलं जातं. ज्यांच्यात पाणी आत गेलेलं वाटलं त्या डिस्क त्याने सरळ मुंबईला तज्ज्ञाकडे न्यायला सांगितल्या. एकही उघडली नाही. आयुष्यभर दिसेल ते उघडणारा माणूस, पण त्या वेळी हात आवरला. ज्यांच्या नुसत्या बोर्डाला चिखल लागला होता त्यांचे बोर्ड काढून, अल्कोहोलने ब्रशने धुऊन, वाळवून लावले. आणि त्यातलं उतरवून घ्यायला जागा लागली तेव्हा आपल्या पेटीतल्या, कपाटातल्या, त्या रिकाम्या खणातल्या डिस्क एकेक करून काढून दिल्या. हजार गेम पुसल्या त्याने. वहिनी म्हणाल्या, तोंडातून एक शब्द काढला नाही.

अर्थात प्रत्येक डिस्कवर मार्करने नाव आणि आकार लिहून ठेवायला तो विसरला नव्हता. आजही महाडच्या बाजारात तो दिसला की दोन-तीन दुकानदार मागच्या दाराने गोडाऊनमध्ये जातात. भाव विचारायच्या आधी त्याचा प्रश्न असतो, "आमची पाचशे जीबी कधी देताय?" एकाने वैतागून नवी कोरी एक टीबी हातावर ठेवली. त्याने ती परत केली. त्याला तीच हवी होती, जिच्यावरून त्याने एकोणसत्तर जीबीचं भांडण केलं होतं.

सध्या पेटीत पुन्हा दोन डिस्क आहेत, दोन्ही निम्म्या रिकाम्या, त्यामुळे त्याची तब्येत उत्तम आहे. तुमच्या माळ्यावर असा जुना एक्सबॉक्स पडला असेल तर एक करा: तो शेवटच्या आवृत्तीचा (१.६) नसेल, तर त्यातला घड्याळाचा कपॅसिटर काढून टाका. बहुतेक पेट्यांत तो काही वर्षांनी गळतो आणि बोर्ड खातो. अशा पेट्यांत तो नसला तरी फक्त तारीख-वेळ लक्षात राहत नाही, बाकी पेटी चालते. हे काम जवळच्या कोणत्याही टीव्ही मेकॅनिककडून करून घ्या. पेटीमास्तरला बोलावू नका. फी तो घेणार नाही, पण तुमच्याकडे एखादी जास्तीची हार्डडिस्क आहे का, हे बघितल्याशिवाय जाणारही नाही.